शंभर दाणे, ओलं गोणपाट आणि पहिला एपिसोड

मृग लागायच्या आधी जालना जिल्ह्यातल्या कितीतरी ओसऱ्यांवर एक छोटी परीक्षा चालते. सोयाबीनचे १०० दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी करायची आणि पाच-सहा दिवस पाणी शिंपडत राहायचं. गुंडाळी उलगडल्यावर ७० किंवा त्याहून जास्त दाण्यांना मोड दिसले की बियाणं पेरायला योग्य. त्याहून थोडे कमी दिसले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी दिसले तर पिशवी परत दुकानात.

जालन्याला बियाण्यांचं गाव म्हणतात ते उगाच नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथं महिको सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यामुळं ‘उगवण’ आणि ‘उतारा’ हे दोन शब्द आमच्याकडं शाळकरी पोरांनाही वेगवेगळे कळतात. मोड आला ती उगवण. खळ्यावर एकरी किती पडलं तो उतारा. या दोन्हींच्या मधे पाऊस, तण, अळी आणि रानडुकरं असतात.

माझी आत्या हेच दोन शब्द टीव्हीवरच्या सेलिब्रिटी डान्स स्पर्धांना लावते. बियाण्याच्या दुकानातून दरवर्षी डायरी मिळते, तिच्या मागच्या पानांवर रकाने आखलेले असतात. पहिला एपिसोड संपला की रात्रीच प्रत्येक नावापुढं ‘उगवण’ लिहून मोकळी. ‘उतारा’ हा रकाना फायनलपर्यंत कोरा. गेली वीस वर्षं मी ही डायरी वाचते आहे. पहिल्या एपिसोडवरून जिंकणारा ओळखणं किती अवघड आणि किती मजेचं असतं, ते या डायरीइतकं मला कुठंच सापडलेलं नाही.

वीस वर्षांचा संसार, तीन महिन्यांचा संसार

डायरीतली पहिली नोंद २००५ ची. स्टार वनवर ‘नच बलिये’ सुरू झालं होतं. परीक्षक मलायका अरोरा, सरोज खान आणि फरहान अख्तर. नाचणाऱ्या जोड्या खऱ्या आयुष्यातल्या. त्यांत आपले सचिन आणि सुप्रिया पिळगावकर. सचिन तेव्हा ४८ वर्षांचे होते. ‘हा माझा मार्ग एकला’मध्ये १९६३ साली पडद्यावर आलेलं पोर, पुढं ‘गीत गाता चल’ आणि ‘नदिया के पार’चा नायक. सुप्रियाताईंशी जोडी जमली ती १९८४ च्या ‘नवरी मिळे नवऱ्याला’पासून, लग्न १९८५ साली, आणि दोघांचा वाढदिवससुद्धा एकाच तारखेला, १७ ऑगस्टला.

मराठवाड्यात तेव्हा भारनियमन जोरात होतं. अर्धा एपिसोड बघायचा, लाइट गेली की उरलेला दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून ऐकायचा. तरीही आत्यानं पहिल्याच रात्री या जोडीपुढं भली मोठी बरोबरची खूण केली होती. कारण विचारलं तर म्हणाली, “अगं, वीस वर्षं एका चुलीवर जेवलेली माणसं. ह्याचा पाय कुठं पडणार, ते तिला बघावंच लागत नाही.” डिसेंबरात पिळगावकर जिंकले आणि आत्याचा आत्मविश्वास असा काही वाढला की विचारू नका. पुढं झी मराठीच्या ‘एका पेक्षा एक’मध्ये सचिन ‘महागुरू’ झाले आणि कालचा स्पर्धक आज गुण देताना दिसू लागला.

मग दहा वर्षांनी, २०१५ साली, ‘नच बलिये’चं सातवं पर्व आलं. त्यात अमृता खानविलकर आणि हिमांशू मल्होत्रा होते. त्यांचं लग्न त्याच वर्षीच्या जानेवारीत झालेलं, म्हणजे हळद अजून पुरती उतरली नव्हती. आत्यानं जुन्या नियमानुसार त्यांना कमी उगवण दिली. ते पर्व त्यांनीच जिंकलं. त्या दिवशी आत्यानं डायरीतला ‘जुना संसार = पक्का ताल’ हा नियम स्वच्छ पट्टीनं खोडला. मला तिची ही गोष्ट फार आवडते. खाडाखोड करायला तिला कधी लाज वाटत नाही.

दहा अधिक एक बरोबर अकरा

या सगळ्या स्पर्धांचं मूळ ब्रिटनमध्ये. बीबीसीचं ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ १५ मे २००४ रोजी सुरू झालं. त्याच बीजातून २००५ साली अमेरिकेत ‘डान्सिंग विथ द स्टार्स’ उगवलं आणि २००६ साली सोनीवर आपलं ‘झलक दिखला जा’. सेलिब्रिटी एक, तिला शिकवणारा व्यावसायिक नर्तक एक, गुण परीक्षकांचे आणि मतं लोकांची.

ब्रिटनमधलं गणित समजून घेण्यासारखं आहे, कारण पहिल्या एपिसोडचे अंदाज का फसतात ते त्यातच दडलंय. परीक्षकांचे गुण जसेच्या तसे मोजत नाहीत, त्यांचे क्रमांक लावतात. समजा दहा जोड्या आहेत. परीक्षकांच्या यादीत पहिल्या जोडीला १०, शेवटच्या जोडीला १. लोकांच्या मतांनाही तसेच १० ते १. आता परीक्षकांची लाडकी जोडी मतांत तळाला गेली, तर १० आणि १ मिळून ११. परीक्षकांनी तळाला टाकलेली जोडी लोकांनी डोक्यावर घेतली, तर १ आणि १० मिळून पुन्हा ११. अशी बरोबरी झाली की लोकांचा कौल वरचढ ठरतो. एकाला ४० पैकी ४० मिळाले आणि दुसऱ्याला ३९, तरी फरक एकाच पायरीचा. आणि फायनलला तर परीक्षकांचे गुण नुसते बघण्यापुरते, निकाल निव्वळ मतांवर.

म्हणून पहिल्या रात्री सर्वांत जास्त गुण घेणाऱ्याला बघून हुरळून जाऊ नये. त्याची उगवण शंभर टक्के असेल. पाऊस अजून पडायचाय.

अलीकडच्या पर्वांत तिथं पहिल्या आठवड्यात कुणालाच घरी पाठवत नाहीत, पहिले गुण दुसऱ्या आठवड्याच्या गुणांत मिळवतात. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बरोबरच आहे. दुसऱ्याच दिवशी गोणपाट उलगडून बघणारा शेतकरी मी तरी पाहिला नाही.”

३० पैकी १३, आणि ट्रॉफी तिचीच

अमेरिकेच्या पहिल्या पर्वात, जून २००५ मध्ये, अभिनेत्री केली मोनाकोला पहिल्या रात्री ३० पैकी १३ गुण मिळाले. सगळ्यांत कमी. आणि जिंकली तीच! तिनं फायनलला हरवलेल्या जॉन ओ’हर्लीबद्दल लोकांची चुटपुट इतकी होती की सप्टेंबरात दोघांची पुन्हा एक लढत ठेवावी लागली, आणि ती ओ’हर्लीनं जिंकली.

२०१८ साली तिथंच रेडिओवरचा निवेदक बॉबी बोन्स जिंकला, तेव्हा अंतिम फेरीत पोहोचलेल्यांत त्याच्या गुणांची सरासरी सर्वांत कमी होती. पण त्याचे श्रोते गावोगावी सकाळी त्याच्या आवाजानं उठणारे. त्यांनी मतं ओतली. त्यानंतरच्या पर्वापासून नियमच बदलला. तळाच्या दोन जोड्यांतून कुणाला ठेवायचं ते परीक्षक ठरवू लागले.

ब्रिटनमध्ये तर २००८ साली उलटंच घडलं. राजकीय पत्रकार जॉन सार्जंट यांना परीक्षक आठवड्यामागून आठवडा तळाला ठेवत होते आणि लोक आठवड्यामागून आठवडा वाचवत होते. शेवटी आपण खरंच जिंकू की काय, या धास्तीनं त्यांनी स्वतःच स्पर्धा सोडली. दोन वर्षांनी माजी मंत्री अ‍ॅन विडेकोम्ब दहाव्या आठवड्यापर्यंत पोहोचल्या. त्या नाचायच्या कमी, त्यांचा जोडीदारच त्यांना फरशीवरून ओढत न्यायचा. पण घरोघरचे लोक त्यांच्यावर मनापासून माया करायचे, आणि मायेला गुणपत्रिका लागत नाही.

क्रिकेटवाले आणि फुटबॉलवाला

मराठी घरात क्रिकेटपटू नाचायला उतरला की पहिल्याच रात्री भाव वाढतो. ब्रिटनमध्ये हा अंदाज चक्क खरा ठरला. २००५ साली वेगवान गोलंदाज डॅरेन गॉफ, २००६ साली फलंदाज मार्क रामप्रकाश, लागोपाठ दोन विजेते क्रिकेटचे. कसोटीत २२९ बळी घेणाऱ्या गॉफच्या भरभक्कम अंगाकडं बघून त्याच्यावर पैज कुणी लावली असेल, याचं मला अजून कौतुक वाटतं.

आपल्या ‘झलक’मध्ये मात्र अजय जडेजा, सनथ जयसूर्या, श्रीशांत असे क्रिकेटवाले येऊन गेले, आणि २००९ साली ट्रॉफी उचलली ती फुटबॉलवाल्यानं. सिक्कीमच्या बायचुंग भुतियानं. आत्यानं त्याच्या नावापुढं पहिल्याच रात्री लिहिलं होतं: ‘हा पायानं विचार करतो.’ हे वाक्य मला डायरीतलं सगळ्यांत चांगलं वाटतं. फुटबॉलपटूचं वजन सतत पंजांवर असतं, टाच हलकी, दिशा क्षणात बदलते. नाचाला नेमकं हेच लागतं. क्रिकेटमध्ये फलंदाज बराच वेळ एका जागी थांबतो आणि मग एकदम हलतो, त्याला सलग दीड-दोन मिनिटं ठेका धरून वाहायची सवय नसते.

याला एक गोड अपवाद. २००८ साली कलर्सवर ‘एक खिलाडी एक हसीना’ झालं, त्यात क्रिकेटपटूंच्या जोडीला अभिनेत्री होत्या. जिंकले हरभजन सिंग आणि मोना सिंग.

जस्सीची गोष्ट

तीच ही मोना, ‘झलक’च्या पहिल्या पर्वाची, २००६ ची विजेती. त्या पर्वात शिल्पा शेट्टी, फराह खान आणि संजय लीला भन्साळी परीक्षक होते. ‘वास्तव’चे दिग्दर्शक महेश मांजरेकर नाचत होते आणि चांगले लांबवर टिकले. श्वेता साळवेचे पाय सगळ्यांत तयार होते, ती उपविजेती झाली.

पण देशानं मोनाला आधी जवळपास तीन वर्षं टीव्ही मालिकेतली ‘जस्सी’ म्हणून पाहिलं होतं. दातांना तारा, जाड चष्मा, ढगळे कपडे. ती तारा-चष्म्याशिवाय मंचावर आली तेव्हाच लोकांना एका मुलीचं फुलणं बघायला मिळालं. इथं आत्यानं डायरीत तिसरा रकाना काढला, ‘चढ’. म्हणजे हा माणूस आज जिथं आहे तिथून वर जायला किती जागा आहे? पहिल्याच दिवशी दहापैकी दहा घेणाऱ्याला चढ शून्य. तो दर आठवड्याला तितकाच चांगला नाचला तरी लोक म्हणतात, नवीन काय? मोसंबीचं रोप लावून पहिल्या फळासाठी चार-पाच वर्षं थांबणाऱ्या जिल्ह्यातल्या बाईला चढाचं मोल न कळलं तरच नवल.

चढ म्हणजे काय ते पुढच्याच वर्षी दिसलं. पाचगणीत शिकलेली प्राची देसाई २००७ च्या पर्वात मधेच बाहेर पडली, वाइल्ड कार्डनं परत आली आणि थेट विजेती झाली.

मग मुलं आली

पुढं एक गंमत झाली. २०१५ साली फैजल खान, पुढच्या पर्वात नेपाळची तेरिया मगर, आणि २०२२ साली गुवाहाटीची गुंजन सिन्हा. ‘झलक’ची लागोपाठ तीन पर्वं कोवळ्या पोरांनी जिंकली, आणि तिघंही मुलांच्या डान्स स्पर्धांतून तयार होऊन आलेली. मोठी माणसं तीन महिन्यांत नाच शिकायला येतात, ही पोरं नाचता-नाचताच मोठी होत असतात. २०२२ च्या त्या पर्वात अमृता खानविलकरही होती. त्याच वर्षी ‘चंद्रमुखी’ गाजलेला, ‘चंद्रा’ प्रत्येक लग्नात वाजत होतं, माधुरी दीक्षित परीक्षकांच्या खुर्चीत. मराठी घरांनी अमृतालाच विजेती धरलं होतं. जिंकली गुंजन.

मुलं आणि मोठी माणसं एकाच तराजूत तोलणं मला पटत नाही, हे इथं सांगूनच टाकते. वयाच्या पंचेचाळिशीत गुडघा बांधून नवी गिरकी शिकणाऱ्या माणसाची मेहनत वेगळ्या मापानं मोजायला हवी. २०२० साली ब्रिटनमध्ये विनोदी कलाकार बिल बेली ५५ व्या वर्षी जिंकले, त्या स्पर्धेचे सर्वांत वयस्क विजेते ठरले, तेव्हा आत्यानं टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांचं नाव तिनं त्याआधी कधी ऐकलंही नव्हतं.

पहिल्या रात्री काय बघायचं?

डायरीच्या समासात विखुरलेल्या या नोंदी. काही आत्याच्या, काही माझ्या.

ओठ बघा. नाचताना ओठ हलत असतील आणि गाण्याचे शब्द जुळत नसतील, तर तो मनात पाच-सहा-सात-आठ मोजतोय. पहिल्या आठवड्यात हे क्षम्य. चौथ्या आठवड्यातही मोजत असेल तर सांभाळा.

कॅमेरा बघा. पाय दाखवणारी लांबची चौकट जास्त वेळ टिकली, तर दिग्दर्शकाला त्या पायांवर भरवसा आहे. सारखा चेहरा, मग हात, मग टाळ्या वाजवणारा प्रेक्षक, मग पुन्हा चेहरा, असं होत असेल तर पायांत काहीतरी लपवायचंय.

जोडीदार बघा. शिकवणारा नर्तकच सेलिब्रिटीभोवती गिरक्या घेत असेल आणि ती मधे उभी राहून हात हलवत असेल, तर ते अर्धंच नृत्य.

नाच संपल्यावरचे तीन सेकंद बघा. शेवटच्या पोझमध्ये छाती किती धापते, खांदे वर चढलेत का, हसू चेहऱ्यावर टिकतंय का. दम हा खोटा करता येत नाही. पायात घुंगरांचं ओझं बांधून रात्रभर फडावर उभी राहणारी लावणी कलावंत हे पहिल्या धड्यातच शिकते. २०१० च्या ‘नटरंग’मधली ‘अप्सरा आली’ आठवा. सोनाली कुलकर्णीच्या पदन्यासामागं नृत्यदिग्दर्शक फुलवा खामकर होती, आणि फुलवा स्वतः ‘बूगी वूगी’ या स्पर्धेची विजेती. स्पर्धेतला दम पुढं दुसऱ्याच्या पायांत असा उतरतो.

आणि परीक्षक टीका करत असताना चेहरा बघा. मान हलवून ऐकणारा पुढच्या आठवड्यात सुधारतो. लगेच गुडघेदुखीची कहाणी सांगणारा बहुतेक वेळा सुधारत नाही, हा माझा वीस वर्षांचा अनुभव.

शेवटी नाचणाऱ्याचं नशीब

शाळेच्या गॅदरिंगला पहिला कार्यक्रम गणेशवंदनेचा. पालक अजून खुर्च्या शोधत असतात, माइक खरखरतो, आणि त्या बिचाऱ्या मुलींचा नाच कुणाच्या लक्षातच राहत नाही. शेवटचा कोळीनृत्याचा गट मात्र वर्षभर चर्चेत. याला शास्त्राचाही आधार आहे. वांडी ब्रुइन डी ब्रुइन या संशोधिकेनं युरोव्हिजन गाण्याची स्पर्धा आणि फिगर स्केटिंग यांचे गुण तपासले, तेव्हा उशिरा सादर करणाऱ्यांना जास्त गुण पडत असल्याचं दिसलं. म्हणून पहिल्या एपिसोडमध्ये सुरुवातीलाच नाचून चांगला दिसलेल्या माणसाला आत्या मनातल्या मनात एक गुण जास्त देते.

क्रम आणि गुण नसले तरी चांगला नाच ओळखू येतोच. आमच्याकडं धुळवडीला हत्ती रिसाल्याची मिरवणूक निघते, गुलालानं रस्ते लाल होतात. तिथं शेकडो माणसं नाचतात आणि कुणालाच क्रमांक नसतो. तरीही चौकात उभ्या असलेल्या बायका बरोबर सांगतात, “तो पिवळ्या शर्टातला बघ, काय ठेका धरलाय!” डोळा तिथंच तयार होतो.

पहिल्या रात्री न दिसणारं

ब्रिटनमध्ये २०२१ साली रोझ एलिंग-एलिस ही कर्णबधिर अभिनेत्री जिंकली. एका नाचात मधेच संगीत पूर्ण बंद केलं, आणि ती व तिचा जोडीदार निःशब्द शांततेत नाचत राहिले, जणू सभागृहानं तिच्या कानांनी ऐकावं म्हणून. २०२४ साली ख्रिस मॅककॉसलँड हा दृष्टिहीन विनोदवीर जिंकला. आरशात बघून नाच शिकायची सोय त्याला नव्हती, त्याला प्रत्येक हालचाल स्पर्शातून आणि शब्दांतून समजून घ्यावी लागली. हे व्हिडिओ मी आत्याला मोबाइलवर दाखवले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग डायरी मागितली, आणि ज्या पानावर ‘पहिल्या रात्री काय बघायचं’ लिहिलं होतं तिथं खाली एक ओळ वाढवली: ‘बघून सगळं कळत नाही.’

‘झलक’चं अकरावं पर्व २०२३ च्या अखेरीस सुरू झालं. अमरावतीचा शिव ठाकरे त्यात होता, म्हणून विदर्भाच्या लेकीनं, म्हणजे माझ्या वहिनीनं, डायरीवर हक्क सांगितला. तिनं त्याला ९५ उगवण दिली, आत्यानं ७०. भांडण झालं, चहा झाला, बाकीची नावंही भरून झाली. मग अर्ध्या वाटेवर वाइल्ड कार्डनं बिहारच्या मुंगेरची मनीषा राणी आली. मार्च २०२४ मध्ये तीच जिंकली. पहिल्या रात्रीच्या यादीत तिचं नाव नव्हतं, त्यामुळं उगवणीच्या रकान्यात तिला जागाच नव्हती. आत्यानं पान आडवं केलं आणि समासात तिचं नाव लिहिलं. शेतात न पेरता आपोआप उगवून आलेल्या रोपाला आमच्याकडं जो शब्द आहे, तोच त्याच्यापुढं लिहिला: ‘पडीचं’.